पिवळ्याची हकालपट्टी

पोर तिसऱ्या दिवशी पिवळं पडलं आणि त्याच सकाळी गोठ्यात म्हैस व्याली. खुशालराव बिचारा बाळंतिणीची खोली आणि गोठा यांच्यामध्ये नुसता धावत राहिला. अकोल्याच्या बाजारात कापसाला कधी नव्हे तो भाव आलेला. त्या पैशात त्याने म्हैस घेतली, अमरावतीहून पिवळी जरीची पगडी आणली. लग्नाला तप उलटल्यावर पोरगा झाला, आणि आता तो रडेनासाही झाला होता.

"घरातलं पिवळं समदं बाहीर काढा," त्याची आई पार्वताबाई म्हणाली. पहिली गेली ती पगडी. मग हळदीचं मडकं. दुपारी पानात पांढरंफटक वरण पडलं. खुशालराव मुकाट्याने जेवला. पोर होतं तसंच पिवळं.

"आंगावर पाजू का, आत्याबाई?" बाळंतीण मनकर्णेने सासूला पुन्हा विचारलं.

"चीक हाय अजून तो. पिवळा, जड. पिळून फेकून दे. गुळाचं पानी चालू हाय ना." कापसाची वात त्या पाण्यात बुडवून पोराला चोखायला देत होते. त्या साली कापूस सगळ्याच कामाला येई.

"चीक तं त्यानं थेंबभरबी नाई पेला. मंग पिवळा कावून झाला?"

पार्वताबाईने वात पुन्हा गुळाच्या पाण्यात बुडवली. आजवर तिला हे कोणी विचारलंच नव्हतं.

खरवसाच्या आशेने खुशालराव गोठ्यात गेला, तर नत्थुजी गडी भांडं भरून चीक काढतोय आणि पारडू खुंट्याला बांधलेलं. खुशालरावाचं टाळकंच फिरलं.

"पारडाले पाजलं का, नत्थुजी?"

"मालक, खरवसासाठी..."

"खड्ड्यात गेला खरवस. पह्यला चीक पोटात नाई गेला तं जगन का ते? मायचा चीक लेकराचाच असते, एवढंबी समजत नाई तुमाले?"

गोठा आणि बाळंतिणीची खोली यांच्यामधली भिंत कुडाची, सगळं ऐकू जाणारी. पलीकडे खोलीची कडी आतून लागली. पार्वताबाई दाराशी धावली.

"मनकर्णे, दार उघड."

"तुमच्या लेकाचंच आयकून राह्यली, आत्याबाई."

आईने गोठ्यातून धावत आलेल्या खुशालरावाकडे पाहिलं. 'मी पारडाचं बोललो' असं सांगायला त्याने तोंड उघडलं, तोच आतून पोराचा चुटूचुटू पिण्याचा आवाज आला. त्याने तोंड मिटलं.

पोराचा पिवळेपणा उतरायला पुढे बरेच दिवस लागले, आणि तो पगडी बाहेर काढल्यानेच उतरला असं खुशालराव बाजारभर सांगत फिरला. पण त्याच संध्याकाळी पोराने असं भोकाड पसरलं, की शेजारपाजार गोळा झाला. तेव्हा कुठे कडी निघाली.

पारडू पिऊन उरलेल्या चिकाचा वाडगाभर खरवस झाला होता. खुशालराव हात धुऊन पाटावर बसला. पार्वताबाई वाडगा घेऊन त्याच्यासमोरून सरळ बाळंतिणीच्या खोलीकडे निघाली.

"अन् मले?"

"थांब जरा," म्हातारी म्हणाली. "पह्यलं पारडाच्या मायले."