पांढऱ्यावर पांढरं

दुकानाचं शटर जेमतेम अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात फोन वाजला.

"रंगाचं दुकान ना? तुमची वेबसाइट उघडून बसलेय मी. काहीच नाही हो तिच्यात. नुसतं कोरं पान."

"कोरं कसं असेल बाई?" रंगवाले काका मायेनं म्हणाले. "नीट बघा. सायीच्या रंगावर शंखाच्या रंगातली अक्षरं आहेत."



"मी मुख्याध्यापिका आहे," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर पोरांची अक्षरं वाचत आलेय. मला वाचता येणार नाही असं अक्षर आजवर कुणाला काढता आलं नव्हतं. तुम्ही पहिले."

काकांनी फोन ठेवला आणि खिन्न हसले. जगाला पांढरा रंग एकच असतो, हे त्यांचं जुनं दुःख होतं. दुकानात लाल होता, हिरवा होता, पण ते गिऱ्हाइकांसाठी. काकांचा जीव पांढऱ्यात. उन्हात वाळलेल्या चादरीचा पांढरा वेगळा, सावलीत वाळलेलीचा वेगळा. थंडीत खिडकीच्या काचेवर आपल्याच श्वासानं उमटतो आणि बोलता बोलता विरून जातो, तो तर सगळ्यांत नाजूक. प्रत्येक पांढऱ्याला क्रमांक होता आणि सगळे क्रमांक काकांना तोंडपाठ. डब्याकडे न बघता सांगायचे. हल्ली तर ते कधीच डब्याकडे बघत नसत, आणि लोक त्याला मुरलेली कारागिरी म्हणायचे.

घरातलं भांडणही पांढऱ्यावरूनच झालं होतं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर घर. तिथली झोपायची खोली काका दर वर्षी रंगवत आणि दर वर्षी पांढरी रंगवत. यंदा काकू म्हणाल्या, "अहो, एक भिंत तरी निळी करा. सकाळी डोळे उघडले की क्षणभर वाटतं, आपल्याला दवाखान्यात आणून टाकलंय."

"अगं, गेल्या वर्षीचा पांढरा आणि हा, केवढा फरक आहे!"

"दिसतो मला फरक. तुमच्याबरोबर राहून मलाही सगळे पांढरे दिसायला लागलेत. पण दिसतं ते आवडलंच पाहिजे का?"

"निळा म्हणजे आरडाओरडा असतो," काका म्हणाले.

काकूंनी आरडाओरडा केला नाही. पिशवी भरली आणि मागच्या गल्लीत बहिणीकडे निघाल्या. दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "भिंत निळी झाली की कळवा."

त्या दिवसापासून घर इतकं शांत झालं, की नळाचा थेंब पडला तरी काका दचकून 'आलो' म्हणत. फोन करावा तर भिंतीचा विषय निघणार. तिथे काकांचा अभिमान आडवा येत होता.

तेवढ्यात वेबसाइट आली. काकांची पुतणी हेच काम करायची. तिनं दुकानासाठी साधी, काळ्या ठसठशीत अक्षरांची वेबसाइट करून दिली, आणि काकांना दुकानात, काकूंना मागच्या गल्लीत जाऊन, आत शिरून बदल कसे करायचे ते शिकवलं. एका पेंगुळलेल्या दुपारी काका आत शिरले. आधी अक्षरं लहान केली, कारण मोठं अक्षर म्हणजे कानाशी येऊन ओरडणं. मग काळा घालवला. पडद्याकडे न बघता पांढऱ्यांचे क्रमांक भरत गेले. खालच्या ओळी वरच्यांहून फिक्या, जसं माणूस झोपेत जाता जाता बोलतो. आणि सगळ्यांत तळाला, पत्त्याच्याही खाली, काचेवरच्या श्वासाच्या रंगात एक ओळ लिहिली:

'तू नाहीस तर घरातला एकही पांढरा ओळखू येत नाही. ये.'

ही ओळ वाचू शकणारे डोळे जगात एकाच माणसाला होते आणि तो माणूस मागच्या गल्लीत होता. ती वाचेल, येईल, आणि कुणाला काही कळणार नाही. काका रोज उत्तरासाठी तळाला डोकावत. तिथे धुकं असायचं. धुक्याखाली आणखी धुकं.

इकडे लोकांची मात्र तारांबळ उडाली. कुणी फोन बंद करून पुन्हा चालू केला, कुणी इंटरनेटवाल्याशी कडाकडा भांडलं. उरलेल्यांना वाटलं की आपले डोळेच गेले, आणि रंगाच्या दुकानासमोरच चष्म्याचं दुकान होतं.

चष्मेवाला रस्ता ओलांडून धावतच आला. "अरे, हात दे आधी! सकाळपासून पायरीवर गर्दी आहे माझ्या. रडवेली होऊन येतात माणसं. तपासतो तर डोळे ठणठणीत. मग खिशातून फोन काढतात आणि तुझी वेबसाइट दाखवतात!"

"चेष्टा करतोस?"

"नाही रे. एक-दोघांना खरंच चष्मा लागला. तुझ्यामुळे वेळेवर कळलं. चल, तुझेही बघतो. मित्र म्हणून."

"माझे डोळे?" काकांनी असं पाहिलं, जणू गवयाला कुणी कान साफ करून यायला सांगितलं होतं.

एवढ्यात पुतणी आली. तिच्या चालण्यावरूनच कळत होतं की तिलाही फोन गेले आहेत. तिच्या मागोमाग स्वतः मुख्याध्यापिका आल्या. शाळेच्या वर्गांना रंग द्यायचा होता आणि अक्षर न लागलेली वही त्या अर्ध्यात टाकणाऱ्या नव्हत्या. गिऱ्हाइकांना रंग दाखवायला दुकानाच्या भिंतीवर मोठा पडदा होता. पुतणीनं त्यावर वेबसाइट लावली. पडदा दुधाच्या पातेल्यासारखा स्वच्छ दिसला.

"काका, हे काय करून ठेवलंय? अक्षर आणि मागचा रंग, दोघांत अंतर हवं!"

"आहे की अंतर. दोन क्रमांकांचं."

"आणि अक्षराचा आकार? मुंगीला चष्मा लावावा लागेल."

"ज्याला खरंच वाचायचंय तो जवळ येतो, पोरी."

"ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्या दुकानात जातो, काका!"

मुख्याध्यापिकांनी मान डोलावली. काका जरा नरमले. "बरं, राखाडी कर. पण कबुतराच्या पोटाकडचा, पाठीचा नको."

"लोकांना कबुतर नकोय, फोन नंबर हवाय. सगळी अक्षरं गडद आणि दुप्पट मोठी करते. एका बटणाचं काम."

"सगळी?" काका एकदम पुढे आले. "तळाला हात लावू नकोस हं."

"तळाला काय आहे?"

"काही नाही."

"मग लागला हात तर काय बिघडलं?"

पुतणीनं बटण दाबलं. रात्रभराचं धुकं एका फुंकरीत जावं तसा पडदा मोकळा झाला. दुकानाचं नाव उमटलं, डबे उमटले, पत्ता उमटला, आणि त्याखाली ते. मुख्याध्यापिकांना पाटीवरचं मोठ्यानं वाचायची जन्माची सवय.

"'तू नाहीस तर घरातला एकही पांढरा ओळखू येत नाही. ये.'"

चष्मेवाला एका डब्यावरचा मजकूर फार लक्ष देऊन वाचू लागला. काका मात्र रंग कालवायच्या काठीला धरून उभे होते. आता हे गावभर होणार. काकू ऐकणार ते लोकांच्या तोंडून, चहाबरोबर चघळलेलं. मग ती कशाला येते?

"खाली आणखी आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"खाली काही नाही," काका पुटपुटले. "खाली फक्त धुकं आहे."

"'पहिल्याच दिवशी वाचलं. भिंत निळी करा, लगेच येते. त्याआधी डोळे दाखवून घ्या. हल्ली तुम्ही पांढरे चुकवताय.'" बाईंनी पदरानं डोळे टिपले. "शुद्धलेखनाची एकही चूक नाही."

काका पडद्याच्या अगदी जवळ गेले. मग हळूच पुतणीला विचारलं, "फार फिक्यात लिहिलं असेल ना तिनं? माझ्याहून फिक्यात?"

पुतणीनं आत शिरून मूळचा रंग पाहिला आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "नाही काका. तुमच्याहून गडद आहे. चांगलं चार क्रमांकांनी गडद."

काकांनी काठी खाली ठेवली आणि मुकाट्यानं रस्ता ओलांडला.

चष्मेवाल्यानं एक डोळा तपासला, दुसरा तपासला, पुन्हा पहिला तपासला. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा आलाय. किती दिवस नुसत्या आठवणीवर रंग कालवतोयस रे?"

"पांढरा?" काकांनी मान वर केली. "कुठला पांढरा?"

ऑपरेशन सोपं होतं, पुढच्या आठवड्यात होण्यासारखं. पण भिंत आठवडाभर थांबणार नव्हती. काका थेट वर गेले आणि कालवायला बसले. निळा रंग द्यायचा, पण ओरडणारा नाही. पहाट होण्याआधी आकाश नुसतं मनात आणतं, तेवढाच. बादलीत निळ्याचा थेंब सोडला. काही दिसलं नाही. आणखी सोडला. नाही. मग धार सोडली. मग डबाच उलटा केला. अखेर पार खोलातून एक निळसर चाहूल आल्यासारखी वाटली, आणि काकांनी समाधानानं ब्रश उचलला.

पुतणी दारात येऊन उभी राहिली. तिनं भिंत पाहिली, बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आज एक बटण दाबून पुरेसं झालं होतं. ती मागच्या गल्लीत भिंतीचं आणि डोळ्यांचं कळवायला गेली.

संध्याकाळी जिन्यावर पिशवी टेकल्याचा आवाज आला. काकू आत आल्या आणि जागीच थांबल्या. कुणी भरलेला समुद्र उभा करून भिंतीला टेकवून ठेवावा, तशी ती भिंत होती. तिचा निळा चादरीवर सांडला होता, काकांच्या पांढऱ्या केसांवर चढला होता.

"जास्त नाही ना झाला?" काकांनी काळजीनं विचारलं. "मला नुसती चाहूल द्यायची होती."

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी हात पुढे केले, तर हातही निळे झाले. लहानपणी त्यांनी असंच एक आकाश बघून ठेवलं होतं आणि मग ते कुठे ठेवलं हे विसरून गेल्या होत्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "चाहूलच आहे."

काका त्यांच्या शेजारी बसले. खाली दुकानात फोन वाजत होता. लोकांना आता नंबर वाचता येत होता. दोघांनी तो वाजू दिला.

"डोळ्यांचं कधी म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. मग उघड्या दारातून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तेही पांढरं होतं, पार कोपऱ्यापर्यंत पांढरं.

"एवढी घाई कशाला?" त्या काकांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. "महिनाभर जाऊ दे. तेवढ्यात तुमच्या हातानं स्वयंपाकघर पिवळं करून घेऊ. अगदी फिकं हं, नावापुरतं."