माळवदावरचा जोंधळा

निजामाच्या कचेरीत पेशकारी करता करता महांतप्पांचा सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. पेन्शनीत उमरग्याला स्वतःचं घर घेतलं खरं, पण पावसाळ्याआधी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, नवी माती घालावी लागते हे त्यांच्या गावीही नव्हतं. असली कामं बायकोला, नागम्माला कळायची. ती बिचारी घर बघायच्या आधीच गेली.

आषाढाच्या झडीत घर तीन ठिकाणी गळू लागलं. त्यातच सोलापूरहून लेकीचं, गंगम्माचं पत्र आलं: ‘पंचमीला येते. लेकरू तान्हं आहे. घर गळत नाही ना?’

झालं! महांतप्पांच्या जिवाला घोर लागला. पण पेशकारानं माती कुठली घालायची हे गल्लीत विचारायचं? छे! त्यांनी उघडीप बघून शेतातली उत्तम काळी माती दोन गाड्या आणवली आणि स्वतःच तुडवून बसवली. माळवदाला शेतातली नव्हे, गावठाणातली पांढरी माती लागते, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण साहेबांना सांगणार कोण?

आठ दिवसांत माळवदावर वीतभर जोंधळा उगवला. नवव्या दिवशी शेजारच्या शांताक्काची शेळी भिंतीवरून वर चढली. महांतप्पा शिडी लावून तिला हाकलायला गेले, तर शेळीनं शिडीलाच ढुशी दिली. शिडी खाली, साहेब वर!

“शांताक्का! अहो, शेळी!”

“अगंबाई! आप्पा, हे रान कुणाचं म्हणायचं?” शांताक्काला हसू आवरेना. “बलभीमा, ये रं लवकर! आप्पांचं पीक बघ!”

समोरचा बलभीम आला, त्यानं शिडी उभी केली. मागोमाग अख्खी गल्ली माळवदावर.

“साहेब, काळी माती घालत्यात व्हय माळवदाला? एका शब्दानं इचारायचं की!” बलभीम म्हणाला.

मग काय, त्याच दिवशी गल्लीनं काळी माती उपसली, पाट्या भरभरून पांढरी आणली. दुपारी सगळे महांतप्पांच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खायला बसले. दोन वर्षांत त्या घरात एवढा गलका झाला नव्हता. महांतप्पा उगाचच आतबाहेर करत होते, पाणी हवं का म्हणून दोनदोनदा विचारत होते.

पंचमीला घर ठणठणीत कोरडं होतं. गंगम्मा मात्र आली नाही, पत्र आलं. ओढ्यांना पाणी आहे, सासूबाई नको म्हणतात. महांतप्पांनी आणलेला पाळणा आढ्याला नुसताच टांगलेला. गळणाऱ्या घरात निदान थेंबांचा आवाज तरी होता. गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी लेकी आलेल्या, त्यामुळं इकडं फिरकणार कोण? त्यांना फार एकटं वाटलं.

थोड्या वेळानं शिडी आपटल्याचा आवाज आला.

“शांताक्का! अहो, शिडी पडली!”

शांताक्का बाहेर आली. माळवदावर महांतप्पा एकटेच उभे. शेळी तर तिच्या दारात खुंट्याला बांधलेली होती. वाराही नव्हता. शिडी बांबूची, शांताक्काला एका हातानं उचलता आली असती.

तिनं शिडीला हात लावला नाही. पदर खोचला आणि ओरडली, “बलभीमा, समद्यांना बोलव रं! लेकींनाबी आण! आप्पा लई अडकल्यात!”