बोलणाऱ्यांचा मान राखणारा रेडिओ

काळ बदलतो, माणसं बदलतात. अशा वेळी घरातला रेडिओ तीस वर्षं तसाच राहणं कोणत्याही प्रगत समाजाला शोभत नाही. ही उणीव रेडिओच्या कारखान्याच्या लक्षात आली आणि बदलत्या गरजांची पाहणी करायला त्यांचे एक अधिकारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

पाहणी शास्त्रशुद्ध होती. 'रेडिओचा उपयोग' या सदरात असं निष्पन्न झालं, की एकाहत्तर टक्के घरं त्यावर चष्मा ठेवतात, अठरा टक्के किल्ल्या, नऊ टक्के औषधाच्या गोळ्या. (उरलेल्या दोन टक्क्यांनी 'धूळ' असं प्रांजळपणे लिहिलं. त्यांचा विचार करण्यात आला नाही.)

"आणि ऐकता काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ऐकायला कुणाला सवड आहे?" सासूबाई म्हणाल्या. "चालू असला की बरं वाटतं, इतकंच. आम्ही आपले बोलत असतो."

"आम्ही नव्हे," सासरे म्हणाले. "ही."

मी एवढंच म्हणाले, की आमची ठकी (वय आठ महिने) दुपारी याच आवाजात झोपते; ती झोपते ती बावीस मिनिटं हाच माझा दिवस; तेवढ्याला धक्का लावू नका. अधिकाऱ्यांनी ते 'इतर' या रकान्यात अत्यंत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

महिन्याभरात नवा रेडिओ आला. माणूस बोलत असताना यंत्राने मध्ये तोंड घालू नये, या थोर तत्त्वावर तो उभा होता. घरात कोणी बोललं की तो अदबीने गप्प बसे. सगळे गप्प झाले की पुन्हा सुरू.

गाणं लागलं.

"वा! आवाज काय स्वच्छ आहे!" सासरे म्हणाले. रेडिओ थांबला. "बिघडला वाटतं."

"बिघडला नाही. तुम्ही बोललात," सासूबाई म्हणाल्या.

"मग तू कशाला बोलतेस?"

"तुम्ही बोलू नका हे सांगायला!"

चार मिनिटांचं ते गाणं दोन तास दहा मिनिटांत पार पडलं. (एका गाण्याचा इतका सखोल आस्वाद आमच्या घराण्यात पूर्वी कोणी घेतल्याची नोंद नाही.)

आठवड्याभरात घराला वळण लागलं. मीठ मागणं, दार लावायला सांगणं, भांडणं, सगळं खुणांनी होऊ लागलं. (भांडणाच्या खुणा दोघांना आधीपासूनच येत होत्या.) गाणी अथपासून इतिपर्यंत वाजू लागली, आणि ठकी टक्क जागी राहू लागली.

बारा दिवस रोज दुपारी तिला खांद्यावर घेऊन येरझारा घातल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोर रेडिओच्या आवाजाने कधी झोपतच नव्हती. "माझा चष्मा कुठाय?" "रेडिओवर." "रेडिओवर नाहीये." "मग नाकावर बघा." ही तिची अंगाई होती.

"आम्हीच पुन्हा बोलायला लागलो तर?" मी अधिकाऱ्यांना विचारलं.

"नवं यंत्र घेतल्यावर?" ते दुखावले.

त्यांनी तातडीने सुधारणा केली. आता रेडिओला एक बटण आहे. दाबलं की घरगुती बोलणं ऐकू येतं. सौम्य, मध्यम आणि 'पाहुणे गेल्यानंतर' असे तीन प्रकार. ठकीच्या पापण्या जड झाल्या. पण यंत्रातल्या बाईने "ऐकलंत का, दूध उतू गेलं का हो?" असं विचारलं, पुढे काहीच आलं नाही, आणि ठकीने डोळे उघडले. खऱ्या घरात अशा प्रश्नाला कोणीतरी 'हं' म्हणतं.

कारखान्याने नटांकडून चौदाशे 'हं' म्हणवून घेतले. ठकीने एकही मंजूर केला नाही. ऐकत नसलेल्या माणसाचा 'हं' ठरवून काढता येत नाही. तो वाचनात गुंगलेल्या माणसाच्याच तोंडून निघतो, असा तज्ज्ञांचा अभिप्राय पडला.

म्हणून, कारखान्याच्या विनंतीवरून, मी हे लिहायला घेतलं. मघाशी, तुम्ही ते चष्म्याचं वाचत होतात तेव्हा, तुमच्या घरातल्या कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं. तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणालात.

फार छान आला आहे. ठकी झोपली.

त्यांनी काय विचारलं होतं, ते आता जाऊन विचारा. जरा हळू बोला, म्हणजे झालं.