पुढे वाचा

माणूस पाकिटातून नाही, काळजातून खर्च करतो, हे लेखकरावांना कळलं आणि त्या दिवसापासून त्यांना घरात कुणाशीही साधं काही बोलता येईना. चहा मागायचा तरी त्यात माया, भीती आणि घाई ही तिन्ही असायची.

"या घरात कुणी मला आपणहून चहा दिला, त्याला किती काळ लोटला असेल?" ते खिडकीबाहेर बघत म्हणत.

"तुमच्या हातातला कप संपवा, मग हिशोब करू," बायको म्हणे.

लेखकराव हे नाव तिनेच ठेवलेलं. एरवी ते नळ बनवणाऱ्या एका कंपनीत विक्रीची पत्रकं लिहीत. 'गळत नाही' हे त्यांचं आजवरचं सर्वांत गाजलेलं वाक्य. पण मध्यंतरी त्यांनी विक्रीच्या मानसशास्त्राचा एक वर्ग केला आणि ते पार बदलून गेले.

"ग्राहकाच्या मनात बटणं असतात," ते जेवताना सांगत. "ती शोधून दाबायची. आणि वस्तूचं नाव अगदी शेवटी घ्यायचं. आधी प्रेम, मग नाव."

"आपलं उलटं झालं," बायको म्हणाली. "आधी नाव कळलं. प्रेमाचं अजून बघतेय."

ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. पुराव्याशिवाय मीठसुद्धा खारट आहे असं मानायची नाही.

घरात वाद होता तो पुढच्या खोलीचा. मोठी खिडकी, सकाळचं भरपूर ऊन. लेखकरावांना ती लिहायला हवी होती. त्यांनी फिरती खुर्ची आणूनही ठेवली होती. त्यांच्या आईला ती दुखऱ्या गुडघ्यांसाठी हवी होती, कारण तिच्या मागच्या खोलीत इतका अंधार होता की चष्मा शोधायला आधी चष्मा घालावा लागे.

शेवटी बायकोने प्रयोग मांडला. "तुमची ती बटणं खरी असतील तर म्हातारी विकून दाखवा. रविवारपर्यंत. विकली तर खोली तुमची. नाही तर आईंची."

म्हातारी म्हणजे त्यांची जुनी गाडी. ती अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असे, आणि घरात तिला दुसऱ्या नावाने कुणी ओळखतच नसे.

"रविवार कशाला?" लेखकराव म्हणाले. "परवापर्यंत रांग लागेल."

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

लेखकरावांनी जाहिरात लिहिली, स्वतःच वाचून डोळे पुसले, आणि वस्तीच्या फोनवरच्या गटात टाकली. फोटो दिला नाही. फोटोने कल्पनाशक्ती मरते, असं वर्गात सांगितलं होतं.

'आमची म्हातारी. बावीस वर्षं आमच्यासाठी राबली. सकाळी जरा खोकते, चढावर धापा टाकते, पण कधी तक्रार नाही. हिनेच आम्हाला जग दाखवलं. आज हिला ठेवायला आमच्याकडे जागा नाही. बाहेर उन्हापावसात उभी असते. तुम्ही येताजाता बघता आणि पुढे जाता. कुणी मायेने घेऊन जाईल का? फक्त रविवारपर्यंत. त्यानंतर तिला'

इथे मजकूर लांबला म्हणून फोनने तो दुमडला आणि खाली दोन शब्द चिकटवले: पुढे वाचा. दुमडीच्या आत 'भंगारवाला नेईल. पांढरी, चार दारांची, चाकं नवी, किंमत समक्ष' असं सगळं व्यवस्थित होतं. पण पुढे कोण वाचतो? लोकांनी लांब मजकुराचं जे करतात तेच केलं. न उघडता पुढे पाठवला.

पहिला फोन एका बाईंचा आला. आवाज कापत होता. लेखकरावांनी बायकोला खूण केली: बटण दाबलं गेलं.

"स्वभाव कसा आहे हो?" बाईंनी विचारलं.

"गरीब. थंडीत तेवढी हट्ट करते. मग एक लाथ घातली की सुरळीत."

"लाथ... कोण घालतं?"

"मीच. बायकोला ते जमत नाही."

"आणि हिंडतेफिरते का?"

"उतारावर आपली आपण. सपाटीवर आम्ही दोघं मागून ढकलतो."

"माणसं आहात की कोण?" म्हणून बाईंनी फोन ठेवला.

"भाव पाडायचा डाव आहे," लेखकराव म्हणाले. "गिऱ्हाईक चिडलं म्हणजे गुंतलं."

मग मात्र चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने त्यांना खोकल्याची बाटली फुकट दिली आणि म्हणाला, "तिला द्या. तुम्ही पिऊ नका." ऑफिसात साहेबांनी बोलावून घेतलं, काही न बोलता खांद्यावर हात ठेवला, मग तोच हात रुमालाने पुसला. लेखकराव हरखून घरी आले. "काय ताकद आहे बघ शब्दांची. लोकांना बोलवत नाही."

रविवारी सकाळी दाराशी खरोखरच रांग लागली. सर्वांत पुढे निवृत्तांच्या क्लबच्या अध्यक्षीणबाई, हातात उबदार शाल. मागे डॉक्टर, रक्तदाब मोजायच्या यंत्रासह. त्यांच्या मागे अर्धी गल्ली. लेखकरावांनी बायकोकडे असा कटाक्ष टाकला की त्यात पुढच्या खोलीचे पडदेसुद्धा निवडून झाले होते.

"कुठे आहे ती?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"मागे. ताडपत्रीखाली."

गर्दीतून कुणीतरी हुंदका दिला.

"रात्रीसुद्धा?" डॉक्टर म्हणाले.

"बारा महिने. आत आणायची तर दार फोडावं लागेल. या ना, बघून घ्या. खालून थोडी गळते, पण..."

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि आई बाहेर आली. हातात काठी. ही काठी माळा झाडायची होती आणि आईने आजवर ती कधी टेकली नव्हती. तिने उंबऱ्यावर थांबून एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एकदा बारीकसं खोकली, आणि अतिशय कोवळ्या आवाजात विचारलं, "बाळा, रविवार झाला का रे?"

त्यानंतर लेखकरावांना बोलायची संधी अशी मिळालीच नाही. ते "गाडी, गाडी" म्हणत राहिले, आणि डॉक्टर म्हणाले, "गाडी नको, मी चालवत नेतो त्यांना आत." सगळी गर्दी आत शिरली. मागची अंधारी खोली पाहून झाली. पुढची उन्हाची खोली पाहून झाली, आणि त्या उन्हात एकटीच बसलेली फिरती खुर्चीही. अध्यक्षीणबाईंनी खुर्चीला नुसतं बोट लावलं. ती गोल फिरली. तोवर दोघांनी आईचा पलंग उचलला होता.

पलंग खिडकीशी लागल्यावरच लेखकरावांनी फोन उघडून सगळी जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली. 'चार दारांची' येईपर्यंत लोक माना खाली घालून चपला शोधू लागले. शाल मात्र अध्यक्षीणबाईंनी परत नेली नाही.

"आई," सगळे गेल्यावर लेखकराव म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"गटात पुढे वाचणारी मी एकटीच असेन," आई उन्हात पाय पसरत म्हणाली.

"मग तिथेच सांगायचंस ना, गाडी आहे म्हणून."

"असं कसं? वस्तूचं नाव शेवटी घ्यायचं असतं ना?"

बायको वळून खिडकीचे पडदे सारखे करू लागली. तिचे खांदे हलत होते.

आता लेखकराव म्हातारीत बसून लिहितात. मागची सीट तशी ऐसपैस आहे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तिथून नवी जाहिरात टाकली, एकाच ओळीची: 'जुनी गाडी विकणे आहे.' वस्तीतून कुणाचंच उत्तर आलं नाही. फक्त पुढच्या खोलीतून आलं, तेही गटात, सगळ्यांना दिसेल असं:

'आत बसलेल्या माणसासकट घ्यावी लागेल का?'