दोन पंच

इंगोले काकांना किती वाजले ते हवं असलं, की ते दोघांना विचारतात. मनगटावर स्वतःचं घड्याळ असतं, पण स्वतःच्या घड्याळावर स्वतःच विश्वास ठेवणं त्यांना गैर वाटतं. आधी माझ्या दुकानात डोकावतात, "गज्या, किती वाजले?" मी म्हणतो, साडेचार. मग रस्ता ओलांडून समोरच्या पानटपरीवर तोच प्रश्न. तिथे चार पस्तीस मिळाले की चेहरा फुलतो. चुकून तिथेही साडेचारच मिळाले, तर काका परत येऊन मला दरडावतात, "तुमी दोघं एकमेकाले इशारे करून राह्यले काय बे?"

माझं दुकान मोबाईल दुरुस्तीचं, मालेगावच्या बसस्टँडजवळ. मालेगाव म्हणजे आमचं, वाशीम जिल्ह्यातलं. नाशिककडच्या त्या मोठ्या मालेगावशी आमचा संबंध एवढाच, की त्यांची पार्सलं अधूनमधून चुकून आमच्याकडे येतात.

काका रिटायर्ड पटवारी. सरकारी कागदावर तलाठी, पण आमच्याकडे पटवारीच म्हणतात. सगळी नोकरी पंचनाम्यांत गेली. गारपीट, पडलेली भिंत, वीज पडून मेलेला बैल. पंचनाम्याला दोन पंच लागतात, आणि ही गोष्ट काकांच्या अंगात इतकी भिनली की नोकरी सुटली तरी पंच सुटले नाहीत. "एकानं सांगतलं झाड पडलं, ते बोंबलणं झालं. दोघांनं सांगतलं, तो पंचनामा झाला." यावर पुन्हा त्यांचा स्वतःचा एक पोटनियम आहे. दोन पंचांचं बोलणं तंतोतंत जुळता कामा नये. "शब्दाले शब्द जुळला का समजून जाव, बाहेर चहा पाजून, पढवून आणले. खरं पाह्यलेल्या माणसाचं कुठं ना कुठं जुळतच नाई."

घरात हा कायदा शांताकाकूंनी बरोबर त्यांच्यावरच उलटवला होता. काका जेवताना म्हणाले, भाजी खारट झाली, की काकू ताट वाढता वाढता म्हणत, "दुसरा पंच आना." घरात दुसरं कुणी नव्हतंच. मूलबाळ नाही. त्यामुळे भाजी कायम बरोबर ठरत असे.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले आणि म्हणाले, "गज्या, आवाज चांगला भरला जाईन असा मोबाईल दे." मला वाटलं भजनं भरणार असतील. काकांनी इतिहास भरायला घेतला.

इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांचा नाही. "त्यायले सांभाळाले लय विद्वान बसले आहेत. माह्यावाला कालपरवाचा. ज्यानं पाह्यलं तो माणूस जित्ता आहे, तोवरचा." गावात पहिला टीव्ही कुणाकडे आला, काचेचा टेलिफोन बूथ कुठे होता, कापूस जाऊन सोयाबीन कसं आलं, बसस्टँडचं टिनाचं छप्पर उडून कुणाच्या वावरात पडलं. काका म्हाताऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसतात, मोबाईल मध्ये ठेवतात, तारीख, ठिकाण, हवामान बोलतात आणि विचारतात, "मंग, काय पाह्यलं?" त्याच गोष्टीचा दुसरा पंच मिळाला, तरच ते बोलणं त्यांच्या 'पंचनामा' नावाच्या चॅनलवर चढतं. चढवणारा मी. फुकट.

नुसतं चढवून त्यांचं भागेना. जी गोष्ट जिथे घडली तिथेच ती लोकांना ऐकू आली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं आणि माझ्याकडून त्या काळ्या चौकोनी कोडच्या चिठ्ठ्या छापून घेऊन गावभर डकवल्या. मोबाईल धरला की त्या जागेची गोष्ट सुरू. पण आमच्याकडे लोकांना तो चौकोन एकाच कामाचा माहीत. वडेवाल्याच्या गाडीमागच्या भिंतीवर चिठ्ठी लागली, तर गिऱ्हाइकानं वड्याचे पैसे द्यायला मोबाईल धरला आणि आतून एक म्हातारा बोलायला लागला, "इथं तवा टेलिफोनचा डबा होता नं बाप्पा, अन् लाइन लागली का अर्धं गाव आयके." गिऱ्हाईक दचकलं. दुसऱ्यानं ऐकत ऐकत दोन वडे संपवले आणि, झाले पैसे, म्हणून निघून गेला. वडेवाला काकांच्या मागे झारा घेऊन धावला. काकांनी त्यालाच धरून बसवलं आणि गाडीचा इतिहास भरून घेतला.

रविवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर दोन्ही पंच समोरासमोर बसतात आणि गाव ऐकतं. टीव्हीच्या पंचनाम्याला आमचे किराणावाले शेठजी आणि पुंजाजी पाटील असे दोघं आले होते. टीव्ही शेठजींच्याच घरी आला हे दोघांना कबूल. पण वावटळीत अँटेना उडाली ती विहिरीत पडली असं शेठजींचं म्हणणं, आणि पुंजाजी म्हणे, "इहिरीत कायले पडते? माह्या गोठ्यावर पडली, म्हैस आठ दिवस दूध देये ना." दोघं उठून उभे राहिले. शेठजींनी पुंजाजींना त्यांच्या म्हशीसकट काहीबाही ऐकवलं. लोकांना वाटलं, आता आवरावं. पण काका टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी होते. "जुळत नाई! अँटेना जुळत नाई, मंजे टीव्ही खरा!"

चॅनलला बघणारे किती, तर बोटावर मोजण्याइतके. काका दर संध्याकाळी विचारत, मी सांगत असे, चार. किंवा सात. त्यांना वाईट वाटत नसे. मलाच वाटे.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला, आणि त्याची मला लाज वाटते, कारण तिन्ही वर्षं त्या आवाजांची कापाकापी मीच करत होतो. कोणत्याही म्हाताऱ्या बाईशी बोलणं झालं, की शेवटी काका आवाज जरा उतरवून विचारत, "मंगरूळपीरच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात कामाले असनारं कोणी ठावूक आहे काय?" बाई म्हणे, नाही. काका म्हणत, "बरं. गज्या, एवढं काप." मी कापत असे. वाटायचं, दवाखान्याचाही पंचनामा करायचा असेल.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा मोबाईल भरला. जागा करून द्यायला मी जुन्या फायली काढत होतो आणि सगळ्यांत तळाशी, मोबाईल घेतला त्याच दिवसाची एक फाईल निघाली. नाव होतं 'एकच पंच'. मी सहज लावली. काकांचाच आवाज. तारीख, ठिकाण, हवामान. मग, "मुलगी. मंगरूळपीर, बाळंतपणाचा दवाखाना. नऊ दिवस. पिवळं टोपरं. पाह्यलं कोणं? मी अन् शांतानं." एवढंच. पुढे बराच वेळ नुसता पंखा फिरल्याचा आवाज.

काका समोर स्टुलावर बसले होते. त्यांनी मला थांबवलं नाही.

"शांता सासुरवाडीले होती, पयलं बाळंतपण," ते म्हणाले. "पोरगी बारशाच्या आंधीच गेली, तं नाव ठेवलं नाई. फोटो कोण काढते तवा? अख्ख्या तालुक्याच्या वारसाच्या नोंदी केल्या म्या. घरची एक केली नाई. नावच नवतं, तं काय लिहू?"

मी म्हणालो, काका, चहा सांगू?

"आमी दोघं बोलत होतो कधीमधी. शांता म्हने नाक तुमच्यासारखं. मी म्हनो तुह्यासारखं. सासू गेली, डॉक्टर गेला, तरी दोन पंच होतो नं आमी. आता शांता गेली." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आता मी एकटाच म्हनतो. एकट्याचं काय रे गज्या, सपनही असू शकते."

तेव्हा मला कळलं, की टीव्ही, टेलिफोन, टिनाचं छप्पर हे सगळं ते मनापासून करत होते, पण या सगळ्यातून ते एका माणसाला शोधत होते. नऊ दिवसांच्या त्या पोरीला पाहिलेलं दुसरं कुणीतरी.

आणि दोन महिन्यांनी ते माणूस सापडलं. मंगरूळपीरच्या एका बाईनं सांगितलं, त्या दवाखान्यात सीताबाई नावाची आया होती, आता पोहरादेवीच्या बाजूला नातवाकडे असते. काका दुकानात आले तेव्हा त्यांना वेळ विचारायचंही सुचलं नाही.

आता माझी करामत ऐका. मला वाटलं, दवाखान्यातल्या आयेच्या हाताखालून शेकड्यानं पोरं गेली असतील. तिला ही कुठली आठवायची? ती म्हणणार, नाही बा, आणि हा म्हातारा तिथेच खचणार. म्हणून मी नातवाचा नंबर मिळवला, काकांना न सांगता फोन केला आणि सीताबाईंना म्हणालो, "आजी, आमचे काका येऊन राह्यले. नऊ दिवसाची मुलगी इचारतीन. तुमी फक्त म्हना, हो, आठोते, पिवळं टोपरं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाले बरं वाटन." पलीकडून एवढंच आलं, "बरं." मी स्वतःवर खूश झालो. फोन ठेवला तरी, बाहेर चहा पाजून पंच पढवणारा माणूस तो मीच, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझ्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. वाशीम, मंगरूळपीर, मानोरा. मंगरूळपीरला काकांनी गाडी थांबवायला लावली आणि जिथे दवाखाना होता त्या जागेकडे पाहिलं. तिथे आता टायरचं दुकान आहे. "चाल," म्हणाले. दुपारी पोहरादेवीला पोचलो. जत्रेत पाय ठेवायला जागा नसते तिथे त्या दिवशी रस्त्यावर दोन कुत्री आणि एक नारळवाला होता.

सीताबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. घरचे सगळे वावरात. माणूस आलं याचाच त्यांना इतका आनंद झाला, की आम्ही कोण हे विचारायच्या आधी त्यांनी पाणी आणलं. काकांनी मोबाईल सुपाशेजारी ठेवला. तारीख, ठिकाण, हवामान. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीप्रमाणे साक्षीदाराच्या तोंडात काही न घालता विचारलं, "मावशी, दवाखान्यात एक मुलगी झाली होती. नवव्या दिवशी गेली. काई आठोते?"

बाई सुपातली तूर बोटानं फिरवत राहिल्या. मी मनात म्हणत होतो, पिवळं म्हणा, पिवळं.

"मालेगावकडल्या पटवाऱ्याची," बाई म्हणाल्या. "लय थंडी होती. तिच्या मायनं घाईघाईत लुगड्याची चिंधी तेवढी आनली होती, टोपरं नाई, काई नाई. लेकराचं डोकसं थंडगार. मंग म्या माह्या पोराचं टोपरं घातलं. हिरवं."

मी खाकरलो. बाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"हिरवं," त्या पुन्हा म्हणाल्या. "एक बंद तुटेल होता, तिथं म्या काळा दोरा लावला. तिच्यासंगंच गेलं ते. परत मांगाले जीव झाला नाई."

काका मग हळूच म्हणाले, "मावशी, मी पिवळं म्हनतो."

"तुमी म्हना. घातलं म्या."

आणि काका हसायला लागले. हसता हसता त्यांनी माझा हात धरला, आणि मग त्यांना हसू आवरेना की रडू, हे मला सांगता येणार नाही. "गज्या, जुळत नाई रे! टोपरं जुळत नाई!" सत्तरीच्या माणसाला मी असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. सीताबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

निघताना काका गाडीपाशी गेले, तेव्हा बाईंनी मला मागे थांबवलं. "फोन करनारा तूच नं बापा? पिवळं काहून म्हनू मी? हिरवं होतं." मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, "तू फोन नसता केला, तरी सांगतलं असतं. चाळीस वर्सं झाले, मले कोनी इचारलंच नाई." मी त्यांच्या पाया पडलो. दुसरं काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी मी ते चॅनलवर चढवलं. काकांनी नाव सांगितलं, 'मुलगी. पंच दोन.' कोडची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या दारावर डकवली, नावाच्या पाटीखाली. संध्याकाळी आले.

"किती जनायनं पाह्यलं?"

"दोन."

"बस," ते म्हणाले. "दोन पाह्यजेत."

मग नेहमीसारखं, "किती वाजले?" मी म्हणालो, सव्वासहा. काकांनी सवयीनं रस्त्यापलीकडच्या पानटपरीकडे पाहिलं. एक पाय खाली टाकलाही. मग तो मागे घेतला.

"असन सव्वासहा," म्हणाले, आणि घराकडे निघाले. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं.