टेकाडाजवळ थांबायला मनाई

लहानूची बदकाची बोट टेकाडाला टेकली, तोच घाटावरून कर्रकन शिट्टी वाजली. वाजवणारा तलावाचा रखवालदार रत्नदीप, म्हणजे लहानूचाच पोरगा!

"बा, बोट काढा तिथून! नवा नियम हाय. घाट सोडून कुठीच थांबाचं नाई!"

"अरे, तुह्या मायले पानी द्याले आलो ना मी!"

"मले मालूम हाय. काढा पह्यले!"

तळेगावजवळच्या त्या तलावाच्या मधोमध हे टेकाड. लहानू पर्यटकांना फिरवायचा, दुपारी बायको कांता डबा घेऊन आली की दोघं बोटीनं तिथं जाऊन जेवायची. हिवाळ्यात कांता गेली. तिच्या अस्थी तिथंच पुरून लहानूनं वर पिंपळाचं रोप लावलं. आता ऊन असं तापलं होतं, की एक दिवस पाणी चुकलं तरी रोप मान टाकायचं. रत्नदीप मात्र एकदाही तिकडे फिरकला नव्हता. कोणी विचारलं की म्हणायचा, "ड्युटी हाय."

नियम काही उगाच नव्हता. लोक टेकाडाला बोटी बांधून तासन्‌तास लोळायचे आणि घाटावरची माणसं बोटीची वाट बघत उन्हात करपायची. म्हणून तलाव समितीच्या सदाशिवरावांनी फलकच लावला होता.

लहानूनं तो फलक दोनदा वाचला. मनाई थांबायला होती. पाणी द्यायला कुठं होती?

दुसऱ्या दिवशी तो कपाशीवर फवारायचा कोराकरकरीत पंप पाठीला बांधून आला. टाकीत तलावाचंच पाणी भरलं. पाय पायडलवर, डावा हात पंपाच्या दांड्यावर, उजव्या हातात नळी. बोट न थांबवता रोपाला पाणी! बेत झकास होता. फक्त बोट वळवायला हातच उरला नव्हता.

बदकानं स्वतःशीच एक गिरकी घेतली आणि नळीचं तोंड सिंदी मेघेहून सहलीला आलेल्या छायाताईंच्या बोटीकडे वळलं. छायाताई नखशिखांत भिजल्या.

"फवारणी! अवं, माह्या अंगावर औषध पडलं!"

झालं! घाटावर एकच कल्ला. ज्यांच्यावर थेंबही उडाला नव्हता त्यांचेही डोळे चुरचुरू लागले. अंगावरचं विष धुवायला माणसं धडाधड तलावात उतरली. तलावाचं पाणी तलावाच्या पाण्यानं खसाखसा धुणं चाललं होतं! कोणी रुग्णवाहिकेला फोन लावला, रत्नदीपची शिट्टी तर थांबेचना.

लहानूची बोट घाटाला लागली, तोच सदाशिवराव धापा टाकत आले. "लहानू, काय फवारून राह्यला बे?"

"पानी हाय, साहेब." लहानूनं नळी तोंडात धरली आणि दांडा हाणला. घटाघटा प्याला.

"मंग बोट थांबवून काऊन नाई टाकलं?"

"थांबाले तुमीच मनाई केली ना."

भांडायला पदर खोचून आलेल्या छायाताईंनी विचारलं, "एवढं कोणासाठी, भाऊ?"

"बायको हाय तिथं," लहानू म्हणाला.

छायाताईंनी केस पिळले. मग पर्समधली पाण्याची बाटली त्याच्या हातात ठेवली.

आठवड्याभरात नवा फलक लागला. टेकाडाजवळ एका वेळी एकच बोट, आणि तीही दहाच मिनिटं. लहानूला वाटलं, सुटलो! पण गोष्ट गावभर झाली होती. जो येईल त्याला पिंपळाला पाणी घालायचं होतं. टेकाडापुढे बदकांची रांग लागली आणि शेवटच्या बदकात लहानू.

पूर्वी कांता डबा घेऊन रोज घाटावर त्याची वाट बघायची. भाजी गार व्हायची, पण सवारी सोडून तो काही लवकर यायचा नाही. आता तिच्यापाशी पोचायला तो नंबर लावून बसला होता.

दिवस कलला तेव्हा कुठं त्याची पाळी आली. त्यानं पाणी घातलं, एक कोवळं पान बोटानं पुसलं आणि शिट्टीची वाट बघत बसला. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली असतील. शिट्टी वाजली नाही.

त्यानं मागं वळून पाहिलं. मागच्या बदकात रत्नदीप बसला होता. शिट्टी गळ्यात, बाटली मांडीवर.

"बा, आटपा ना," तो म्हणाला. "मांगं लाइन हाय."

लहानूनं रांगेकडे पाहिलं. रांगेत दुसरं कोणीच नव्हतं. त्यानं आपली बोट जराशी सरकवली.

"ये. दोघायच्या बोटी मावते."

नियम एकाच बोटीचा होता. रखवालदारानं बोट लावली.