तिसऱ्या रांगेतला खोकला

बॅडमिंटनचा पहिला गेम नऊ-एकवीस हरून ती घाम पुसायला बाजूला आली आणि सवयीने तिने तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे आई बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून, बँकेत नंबर यायची वाट बघत असल्यासारखी. आईला सामना बघवत नसे, म्हणून इतकी वर्षं ती कधी आलीच नव्हती.

त्या खुर्चीत बाबा बसत. प्रेक्षकांतून खेळाडूला काही सुचवणं नियमात बसत नाही, म्हणून बाबा खोकत. एकदा खोकले की नेटजवळ अलगद ड्रॉप, दोनदा खोकले की मागच्या रेषेपर्यंत उंच टोला, लांबलचक उबळ आली की जरा दम धर. ही खूण तिने अकराव्या वर्षी ओळखली होती. चोरीचा मामला, त्यामुळे बापलेकींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्या खोकल्याच्या जोरावर ती थेट देशाच्या संघात गेली. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. आता तिचं वय चौतीस, गुडघा कुरकुरणारा आणि समोर एकोणीस वर्षांची वेणीवाली. आज हरली की कारकीर्द इथेच संपणार होती.

दुसऱ्या गेमला हॉलमधली धूळ आईच्या घशात गेली. आई एकदा खोकली. हिच्या हाताने डोक्याला न विचारताच ड्रॉप टाकला. वेणीवाली जागची हललीसुद्धा नाही. आई दोनदा खोकली, शटल मागच्या रेषेवर. पुढे आईला इतका खोकला आला, की पुढे-मागे धावून वेणीवालीची दमछाक झाली. एकवीस-चौदा.

तिसऱ्या गेमला मात्र घात झाला. आपल्या खोकल्याचा लेकीला त्रास होतोय असं वाटून आईने तोंडावर रुमाल दाबला. इकडे दोन गुण गेले. हिने आईकडे इतक्या आर्जवाने पाहिलं, की आई आणखीच ओशाळली. तिने पर्समधली खोकल्याची गोळी तोंडात टाकली, आणखी चार गुण गेले. गोळीलाही उबळ जुमानेना, तेव्हा आई लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर निघून गेली.

रडतखडत एकोणीस-एकोणीस झाले. खुर्ची रिकामी. शेवटी ती स्वतःच एकदा खोकली आणि ड्रॉप टाकला. मग दोनदा खोकली. पंचांनी पाणी हवंय का म्हणून विचारलं, तोवर ती जिंकली होती.

आई बाहेर पायरीवर बसली होती. "माझ्यापायी हरतेस की काय, म्हणून पळाले. तुझ्या बाबांचंही हेच. हॉलमध्ये पाऊल टाकलं की धुळीने खोकला सुरू."

ती पाणी पिता पिता थांबली. "मुद्दाम नाही खोकायचे?"

"मुद्दाम कोण खोकतं गं?"

ती मटकन आईशेजारी बसली. तेवीस वर्षांचे ड्रॉप आणि टोले डोळ्यांपुढून सरकत गेले. एकही बाबांनी सांगितलेला नव्हता.

आईने पर्समधून गोळ्यांची चपटी डबी काढली. दर सामन्याला आई ही डबी बाबांच्या खिशात घालायची आणि डबी भरलेलीच परत यायची. "चिडायचे मी. तर म्हणायचे, गोळी घेतली तर पोरीला कसं कळणार, मी कुठे बसलोय ते?"

मग तिने आईच्या हातातली डबी घेतली आणि किटबॅगच्या अगदी तळाशी ठेवून दिली.

"अगं, उद्या लागेल मला ती."

"उद्या नको घेऊस," ती म्हणाली. "त्याच खुर्चीत बस फक्त."